डाव्या हाताचा बेस आणि कॅबिनेटची निवड

वाचकाचे पत्र: आमचा पुण्यात चौघांचा बँड आहे: ड्रम, गिटार, गायिका आणि कीबोर्डवर मी. आमचा बेस गिटारवादक नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेल्यापासून बेसची बाजू मी डाव्या हाताने ६१ पट्ट्यांच्या सिंथवर (सिंथेसायझरवर) सांभाळतो. हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस कार्यक्रमात मात्र कुठे जातो ते कळत नाही; काही स्वर घुमतात, काही ऐकूच येत नाहीत. सध्या एका लहान कॉम्बो कीबोर्ड अ‍ॅम्प्लिफायरवर भागवतो. ओळखीतले एक गृहस्थ १० इंची आठ स्पीकरांचे जुने बेस कॅबिनेट विकत आहेत, आणि दुसऱ्या एकाकडे १० इंची चार स्पीकर आणि ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असलेले कॅबिनेट आहे. ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. कॅफे, कॉलेजचे कार्यक्रम आणि लग्नातले संगीत अशी आमची कामे असतात. दोन्हींपैकी कोणते घ्यावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

‘काही स्वर घुमतात, काही ऐकूच येत नाहीत’ हे तुमचे वाक्य वाचल्यावर दुखणे कुठे आहे याचा बराचसा अंदाज आला, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. आठ स्पीकरांचे कॅबिनेट घेऊ नका, आणि चार स्पीकरांचे घेण्याचीही घाई करू नका. १५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), वर उंच स्वरांसाठी हॉर्न आणि आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे सक्रिय, असा एक चांगला पीए (श्रोत्यांना ऐकवण्यासाठीचा) स्पीकर तुमच्या कामाला अधिक उपयोगी पडेल. याची कारणे जरा सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या आणखी कोणी तिसरेच कॅबिनेट विकायला आले तर निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

आधी स्वरांचा हिशेब पाहू. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. पाच तारांच्या गिटारवरची बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास असते. तुमच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर, सप्तक बदलले नाही तर, सर्वांत डावीकडची सी पट्टी ६५ हर्ट्झची, म्हणजे गिटारच्या ई तारेहून बरीच वरची असते. म्हणून डाव्या हाताने बेस वाजवणारे बहुतेक वादक आवाज एक सप्तक खाली उतरवतात, आणि तीच सी ३२.७ हर्ट्झवर येते. त्यात सब ऑसिलेटर (मूळ स्वराखाली आणखी एक स्वर मिसळणारा सिंथमधला भाग) चालू असेल तर तो आणखी एक सप्तक खाली, १६ हर्ट्झवर जातो. तिथे माणसाच्या कानाला स्वर म्हणून काही ऐकू येत नाही. स्पीकर मात्र हलत राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद त्यात खर्ची पडते. हेडफोनवर हे सगळे झकास वाटते, कारण हेडफोनचा इवलासा पडदा कानाला चिकटलेला असतो आणि त्याला खोलीभर हवा हलवायची नसते.

आता तारेचा स्वर आणि सिंथचा स्वर यांतला फरक लक्षात घ्या, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. बेस गिटारच्या खालच्या तारांवर मूळ कंपनापेक्षा त्याच्या दुपटीच्या आणि तिपटीच्या कंपनांचा, म्हणजे हार्मोनिकांचा, जोर बहुधा जास्त असतो. ४१ हर्ट्झची ई वाजते तेव्हा ऐकणाऱ्याला ती ओळखू येते ती मुख्यतः ८२ आणि १२३ हर्ट्झमुळे. मूळ स्वर अगदी दबलेला असला तरी कान या हार्मोनिकांवरून तो जुळवून घेतो. तंबोऱ्याच्या खर्जात कोणी न लावलेला गांधार ऐकू येतो तो त्या तारेच्या पाचव्या हार्मोनिकमुळे; तारेच्या पोटात किती काय भरलेले असते, याचा हा आपल्या घरचाच दाखला. सिंथच्या साध्या साइन लहरीत, म्हणजे एकाच कंपनाच्या आवाजात, यातले काहीही नसते. ती ३३ हर्ट्झची असेल तर फक्त ३३ हर्ट्झच असते, आणि स्पीकरला तेवढे वाजवता आले नाही तर श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचायला दुसरे काही शिल्लकच राहत नाही. तुमचे ‘ऐकूच न येणारे’ स्वर बहुधा याच जातीचे असावेत.

बेस गिटारचे कॅबिनेट बनवणाऱ्यांनी तारेचा हा स्वभाव ओळखूनच आपले काम केले आहे. १० इंची आठ स्पीकरांचा जो नमुना जगभर गाजला तो अँपेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी या ३०० वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आणला, आणि रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो संच वाजला. याच घराण्यातल्या एसव्हीटी-८१०ई या कॅबिनेटचे कंपनीने दिलेले आकडे पाहा: ५८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने. १० डेसिबलची घट म्हणजे ध्वनिशक्ती दहाव्या हिश्श्यावर येणे. एवढे मोठे धूड, आणि तुमच्या ३३ हर्ट्झच्या सीला त्यात जवळपास जागाच नाही! हा कॅबिनेटचा दोष म्हणता येणार नाही. गिटारचा स्वर पुढे यावा, त्याला ठोसा यावा आणि खालचा गढूळपणा आपोआप गळून जावा, यासाठीच ते बंद खोक्याचे बनवले आहे. शिवाय त्याचे वजन ६० किलोंहून अधिक भरते. तुमच्या चौघांपैकी दोघांनी ते प्रत्येक कॅफेच्या जिन्यावरून चढवायचे आणि दर वेळी छोटा हत्ती ठरवायचा, हा खर्च कोणी विक्रेता सांगत नाही.

यावर ‘लहानशा खोक्यातून खोल बेस’ अशी जाहिरात कोणी पुढे केली, तर लाउडस्पीकरच्या धंद्यातला एक जुना नियम आठवावा. केएलएच ही अमेरिकी कंपनी १९५७ मध्ये तिघांनी काढली, त्यांपैकी जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. (हे हॉफमन म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, हे जाता जाता.) नियम असा, की लहान खोके, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्याच्या माहितीपत्रकात एखादा आकडा हमखास गाळलेला असतो. ‘३५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असेल पण ते किती डेसिबलच्या घटीला मोजले आहे हे दिलेले नसेल, तर त्या ओळीला काहीच अर्थ नाही. उणे ३ आणि उणे १० असे दोन्ही आकडे मागावेत.

वॅटच्या आकड्यावरही फार विसंबू नये. वॅट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. उलट, तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर वूफरच्या कोनाला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट अंतर आत-बाहेर करावे लागते. म्हणजे ६५ हर्ट्झवरून ३३ हर्ट्झवर उतरताना कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, जळण्याआधी कोनाच्या हालचालीची मर्यादा संपते, आणि फाटका आवाज येतो तो त्यामुळे. ज्या कॅबिनेटला पुढे किंवा मागे पोर्ट (हवा ये-जा करण्याचे भोक) असते त्यात हा धोका अधिक असतो. पोर्ट ज्या कंपनाला जुळवलेले असते त्याच्या खाली गेल्यावर आतली हवा कोनाला आवरून धरत नाही. कोन मोकळा सुटतो आणि नुसताच फडफडतो. गिटारवादकाला हे सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या वाद्यात तिथे फारसे काही नसतेच. सिंथवाल्याने मात्र अशा कॅबिनेटच्या आधी ३० ते ३५ हर्ट्झवर हाय-पास फिल्टर (त्याखालची कंपने गाळणारी सोय) लावल्याशिवाय वाजवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी बाब उष्णतेची. गिटारची तार छेडल्यावर तिचा आवाज विरत जातो. सिंथची पट्टी दाबून धरली की स्वर त्याच जोराने चालू राहतो. आठ मात्रांचा एकच लांब स्वर धरणाऱ्या गाण्यात व्हॉइस कॉइलला दम घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून लेबलवरच्या ‘पीक’ वॅटकडे दुर्लक्ष करून सलग सोसण्याची क्षमता, म्हणजे आरएमएस वॅट किती, तेवढेच विचारावे.

चार स्पीकरांच्या कॅबिनेटचा विचार थोडा वेगळा आहे. त्याला ट्विटर आहे ही जमेची बाजू. ट्विटर नसलेले बेस कॅबिनेट ४-५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास गप्प होते, आणि सॉ-टूथ लहरीवर (हार्मोनिकांनी भरलेल्या आवाजावर) फिल्टर उघडत नेण्यात जी गंमत असते ती त्यातून बाहेरच पडत नाही. पण १० इंची स्पीकर शेजारी-शेजारी दोन-दोन मांडले की वरचे स्वर ऐकणाऱ्याच्या जागेनुसार बदलतात: समोर बसलेल्याला एक ऐकू येते आणि बाजूच्या टेबलावरच्याला दुसरेच. तुमच्या उजव्या हाताचा पियानो आणि स्ट्रिंग्ज त्यातून वाजवायचे म्हटले तर हे खटकेल. आणि सर्वांत व्यवहाराची गोष्ट म्हणजे ही दोन्ही कॅबिनेटे बहुधा नुसती खोकी आहेत. त्यांना चालवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यावा लागेल. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि ६०,००० रुपयांत त्याचीही तरतूद करावी लागेल.

बेस कॅबिनेटच योग्य ठरेल अशीही एक परिस्थिती आहे, ती सांगितली नाही तर उत्तर एकांगी होईल. द डोअर्स या बँडमध्ये कार्यक्रमांत बेस गिटारवादक नसे. रे मॅन्झारेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्स पियानो बेस वाजवत. त्या वाद्याला ३२ पट्ट्या होत्या आणि त्याची झेप साधारण बेस गिटारइतकीच होती, त्यामुळे बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्यात अनोळखी असे काही नव्हते. तुमचा बेसचा आवाजही असाच, सॉ-टूथचा, थोडा खरखरीत, ई तारेच्या खाली न जाणारा असेल, आणि उजव्या हाताचे आवाज तुम्ही थेट मिक्सरला देत असाल, तर चार स्पीकरांचे कॅबिनेट त्याला एक छान रांगडा रंग देईल. तुमच्या वर्णनावरून तरी तुमचा आवाज त्या जातीचा वाटत नाही.

आता तुमची कामे कोणती ते पाहू. लग्नाच्या लॉनवर आणि कॉलेजच्या मैदानावर साऊंडवाल्याचे १८ इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेसचे स्पीकर) असतातच. श्रोत्यांपर्यंत बेस पोहोचवणे हे त्यांचे काम. तिथे तुमच्याजवळच्या स्पीकरने फक्त तुम्हाला आणि ड्रमरला स्वर स्पष्ट ऐकवायचा असतो, आणि ३३ हर्ट्झ त्यात नसले तर उलट बरेच, कारण मंचावरचा खोल बेस आणि सबचा बेस वेगवेगळ्या वेळी पोहोचून एकमेकांना खातात. अशा ठिकाणी डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) कोरा सिग्नल साऊंडवाल्याला द्यावा आणि मंचावरचा आवाज बेताचा ठेवावा. कॅफेत मात्र सब सहसा नसतो, आणि लोकांना जे ऐकू येते ते तुमच्याच स्पीकरमधून. १५ इंची सक्रिय स्पीकर तिथे ४०-४५ हर्ट्झपर्यंत समाधानकारक काम करतो, त्याच्या आत लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) आणि हाय-पास फिल्टर आधीच बसवलेले असतात, उजव्या हाताचे आवाजही त्यातून स्वच्छ येतात आणि तो एकट्याने उचलून रिक्षात ठेवता येतो. त्याखालचे सप्तक हवेच असेल तर पुढच्या वर्षी एक सक्रिय सबवूफर जोडावा आणि दोघांची वाटणी ८० ते १०० हर्ट्झवर करावी. तुमच्या रकमेत एकाच खोक्यातून ३३ हर्ट्झ जोरात वाजवून दाखवणारे काही मिळेल असे मला वाटत नाही, आणि मिळते असे कोणी म्हणाले तर वाजवून दाखवायला सांगा.

दुकानात जाताना आपला सिंथ बरोबर घेऊन जावे. तिथल्या मोबाइलवरच्या गाण्यांवर कॅबिनेट पारखू नये. सर्व इफेक्ट बंद करून साधी साइन लहर लावा, आवाज मध्यम ठेवा आणि ६५ हर्ट्झच्या सीपासून एकेक पट्टी खाली उतरत जा. काळी-पांढरी कोणतीच सोडू नका. सुरुवातीचे स्वर सारख्याच जोराने येतील. मग एका जागी आवाज पातळ होऊ लागेल. ती पट्टी लिहून ठेवा, कारण तोच त्या स्पीकरचा खरा तळ. पोर्ट असलेले साधे कॅबिनेट असेल तर जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारून कोनाकडे पाहा आणि दुसरा तळहात पोर्टपुढे धरा. खाली उतरता उतरता एका स्वरावर कोन जवळजवळ स्थिर दिसेल आणि तळहाताला मात्र हवेचा जोरदार झोत लागेल: पोर्ट त्या स्वराला जुळवलेले आहे. त्याच्याखाली दोन-तीन पट्ट्या गेलात की तोच कोन एकदम मोठमोठे हेलकावे घेऊ लागेल आणि कानाला जवळपास काहीच मिळणार नाही. तिथे लगेच थांबा. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की हाय-पास फिल्टर कशासाठी लावायचा हे पुन्हा कोणी समजावून सांगावे लागत नाही. जुने कॅबिनेट असेल तर मल्टिमीटरने रोधही मोजावा: ८ ओहमचे कॅबिनेट साधारण ५.५ ते ७ दाखवते. फार कमी किंवा अनंत दाखवले तर आत काहीतरी बिघडलेले आहे. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलके व सारखे दाबल्यावर खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे असे समजून नमस्कार करून निघावे.

खर्च न करता लगेच करण्यासारखा उपाय तुमच्या सिंथमध्येच आहे. बेसच्या आवाजातला सब ऑसिलेटर काढा, साइनच्या जागी ट्रँगल किंवा सॉ-टूथ घ्या, फिल्टर थोडा उघडा आणि किंचित ड्राइव्ह (आवाज थोडा खरखरीत करणारा परिणाम) द्या. त्यामुळे ६५, ९८, १३१ हर्ट्झवर हार्मोनिक तयार होतील आणि साधा कॉम्बोसुद्धा ३३ हर्ट्झची सी ऐकवू लागेल. स्वर पोटात जाणवणार नाही, पण सुरात ओळखू येईल. कॅफेतल्या कार्यक्रमांसाठी असा एक वेगळा आवाज साठवून ठेवा आणि सबवाल्या मंचासाठी तुमचा नेहमीचा असू द्या. जोडणी करताना डावे आणि उजवे अशी दोन्ही आउटपुट एकत्र न करता फक्त ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेले वापरा, नाहीतर कोरस किंवा स्टिरिओ इफेक्ट असलेले आवाज एकत्र आल्यावर पोकळ होतात. सिंथचे आउटपुट गिटारपेक्षा बरेच जोरकस असते. बेस अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला पॅड (आत येणारा सिग्नल कमी करणारे बटण) असेल तर तो चालू करा, किंवा सरळ इफेक्ट्स रिटर्नमध्ये जोडा, म्हणजे गिटारसाठी घडवलेला टोन विभागही वगळला जाईल.

राहता राहिले घुमणारे स्वर. त्यात स्पीकरपेक्षा खोलीचा हात जास्त असतो. ४ मीटर रुंदीच्या खोलीत ४३ हर्ट्झ, म्हणजे जवळपास एफ स्वर, समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभा राहतो आणि कोणतेही कॅबिनेट आणले तरी घुमणारच. तेवढ्या जागी इक्वलायझरवर अरुंद काप घ्यावा. उलट, स्पीकरची पुढची बाजू मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीवरून परत येऊन स्वतःलाच रद्द करतो. म्हणून बेस वाजवणारा स्पीकर जमिनीवर आणि भिंतीला लागून ठेवावा. तेवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. तुमचा सध्याचा कॉम्बो खुर्चीवर किंवा स्टँडवर असेल तर आजच्या रिहर्सललाच तो खाली उतरवून पाहा.

आणि चार स्पीकरांच्या कॅबिनेटचा मोह सुटत नसेल, तर मालकाकडून ते एका रविवारपुरते मागून घ्या, अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने आणा, आणि त्याच्या शेजारी १५ इंची सक्रिय स्पीकरही भाड्याने ठेवून ड्रमरसह दोन्हींवर तीच चार गाणी वाजवा. ऐकायला गायिकेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करा. कोणते कॅबिनेट केव्हा चालू आहे ते तिला सांगू नका.